आयपीव्ही४ वरून आयपीव्ही६ कडे जाताना राउटरच्या पत्त्यांची आखणी : एका संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या प्रशिक्षण संस्थेचे आहे. इंटरनेटवरील उपकरणांचे पत्ते ज्या नियमांनी ठरतात, त्यांच्या आयपीव्ही४ या जुन्या आवृत्तीसोबत आयपीव्ही६ ही नवी आवृत्ती सुरू करताना तिला काय करावे लागले, ते येथे मांडले आहे. संस्थेची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे दिलेला नाही. जिथे पत्ता लिहून दाखवल्याशिवाय मुद्दा स्पष्ट होणार नाही, तिथे दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला २००१:डीबी८::/३२ हा संच वापरला आहे. तिरक्या रेषेनंतरचा आकडा पत्त्याच्या सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत ते सांगतो; हा ठरलेला भाग म्हणजे प्रीफिक्स.

संस्थेच्या तीन इमारती फायबरने एकमेकींना जोडलेल्या होत्या. मध्यभागी दोन कोअर राउटर, म्हणजे पॅकेटांना (माहितीच्या तुकड्यांना) पुढची वाट दाखवणारी मुख्य उपकरणे, त्यांच्यापुढे फायरवॉल आणि फायरवॉलच्या पलीकडे इंटरनेट पुरवठादाराकडे जाणारा एज, म्हणजे सीमेवरचा, राउटर अशी तिची रचना होती. आतील सर्व उपकरणे १० ने सुरू होणाऱ्या खासगी आयपीव्ही४ पत्त्यांवर चालत असत आणि बाहेर जाताना नॅटमुळे त्यांचा पत्ता बदलत असे. सार्वजनिक पत्त्यांचा /२९ एवढाच संच संस्थेकडे होता, म्हणजे वापरण्याजोगे सहा पत्ते, आणि त्यांतलाही एक पुरवठादाराच्या राउटरला लागत असे.

ही व्यवस्था अनेक वर्षे विनातक्रार चालली होती. बदलाची गरज निर्माण झाली ती एका सहयोगी संस्थेमुळे. दोन्ही संस्थांना मोठ्या आकाराच्या फायली नियमितपणे एकमेकींकडे पाठवायच्या होत्या. पण दोघींनीही आपापल्या आवारात १०.१०.०.०/१६ हाच खासगी संच वापरलेला असल्याने थेट जोडणी करताना पत्ते एकमेकांवर आदळत होते. दोन्ही टोकांना नॅट लावून काही काळ काम चालवले गेले, परंतु बिघाड झाला की कोणत्या टोकाचा कोणता पत्ता खरा हे शोधण्यातच वेळ जात असे. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते वाढवून घेण्याचा मार्गही सोपा राहिलेला नव्हता, कारण आयएएनए या जागतिक पत्तावाटप यंत्रणेकडील मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला होता. सहयोगी संस्थेने आपला नवा फाइल सर्व्हर केवळ आयपीव्ही६ वर ठेवण्याचे ठरवले, तेव्हा या संस्थेनेही पुरवठादाराकडून /४८ आकाराचा आयपीव्ही६ संच मागवला. पुरवठादाराने चाचणीसाठी आधी एक तात्पुरता /४८ दिला आणि कायमचा संच नंतर देण्याचे कळवले. या तात्पुरत्या संचामुळे पुढे काय घडले, ते यथावकाश येईल.

अडचण

तांत्रिक पथकाचा पहिला आराखडा एका तक्त्याच्या रूपात होता. डाव्या रकान्यात राउटरच्या प्रत्येक इंटरफेसचा, म्हणजे जोडणीच्या टोकाचा, जुना पत्ता आणि उजव्या रकान्यात त्याच्याशी जुळणारा नवा पत्ता, अशी मांडणी होती. आयपीव्ही४ मध्ये जिथे /२४ होते तिथे नव्या रकान्यात /१२० लिहिले होते, कारण दोन्हींत शेवटचे आठ बिट उपकरणांसाठी उरतात. राउटर-राउटर जोडणीवरील /३० च्या जागी /१२६ होते. पत्ता ३२ बिटांवरून १२८ बिटांवर गेला म्हणजे फक्त आकडा लांबला, बाकी काही बदलले नाही, असे या तक्त्यात गृहीत धरले होते.

या गृहीतकात दोन उणिवा होत्या. एक म्हणजे आयपीव्ही४ मध्ये पत्ते जपून वापरण्याची जी सवय अंगवळणी पडते, ती आयपीव्ही६ च्या रचनेशी जुळत नाही. दुसरी उणीव अधिक खोल होती. आयपीव्ही४ मध्ये राउटर आपल्या पत्त्यावर स्वस्थ असतो आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, कोण हे उपकरणाला पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सांगतो. आयपीव्ही६ मध्ये राउटर स्वतः ठरावीक अंतराने राउटर ॲडव्हर्टाइजमेंट पाठवतो, म्हणजे आपण गेटवे आहोत, या जागी हा प्रीफिक्स वापरा आणि तो इतका काळ ग्राह्य धरा, अशी घोषणा करतो. उपकरणे ती घोषणा लक्षात ठेवतात. त्यामुळे राउटरवरचा पत्ता बदलण्याचा परिणाम फक्त त्या राउटरपुरता राहत नाही. आधी केलेली प्रत्येक घोषणा ज्या ज्या उपकरणाने ऐकली, त्या प्रत्येकाच्या स्मृतीचा विचार करावा लागतो. माझ्या मते या प्रकरणातील बहुतेक सर्व निर्णय याच एका फरकाशी येऊन ठेपतात, आणि म्हणूनच ते सविस्तर मांडण्यासारखे आहेत.

विचारात घेतलेले पर्याय

स्थलांतराचे चार मार्ग पथकापुढे होते. पहिला म्हणजे आयपीव्ही४ वरून बोगदा काढून, अर्थात आयपीव्ही६ चे पॅकेट आयपीव्ही४ च्या पॅकेटात गुंडाळून, आयपीव्ही६ चालवणे. तो लगेच बाजूला पडला. पुरवठादार थेट आयपीव्ही६ देत असताना बोगद्याने पॅकेटची उपलब्ध जागा २० बाइटने कमी करून घेण्यात काहीच हशील नव्हते. दुसरा मार्ग आत केवळ आयपीव्ही६ ठेवून बाहेरच्या आयपीव्ही४ जगासाठी नॅट६४ आणि डीएनएस६४ या दोन आवृत्त्यांमध्ये भाषांतर करणाऱ्या सोयी वापरण्याचा होता. तो दूरदृष्टीचा होता, परंतु इमारतींतील काही जुनी उपकरणे, विशेषतः हजेरीची यंत्रे आणि प्रिंटर, आयपीव्ही६ जाणत नव्हती.

तिसऱ्या मार्गाकडे पथकातील काहींचा ओढा होता. त्यात आतील जाळ्याला एफडी ने सुरू होणारे खासगी, म्हणजे युनिक लोकल पत्ते द्यायचे आणि सीमेवर प्रीफिक्सचे भाषांतर करायचे होते. पुरवठादार बदलला तरी आतले पत्ते कायम राहतील, हा त्यांचा युक्तिवाद वजनदार होता. तो मागे पडला तो एका बारीक पण निर्णायक कारणाने. एकाच नावाला अनेक पत्ते असतील तर त्यांतला कोणता आधी वापरायचा, याचे मूळ कोष्टक आरएफसी ६७२४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) आहे, आणि त्या कोष्टकात युनिक लोकल पत्त्यांचा क्रम आयपीव्ही४ च्याही खाली लागतो. दोन्ही आवृत्त्या शेजारी चालत असताना आतील सर्व्हरला असा पत्ता दिला, तर बहुतेक उपकरणे आयपीव्ही४ वरूनच बोलत राहतील आणि नवी रचना कागदावरच राहील. शिवाय नॅटच्या गुंत्यातून सुटण्यासाठी निघालेल्या संस्थेने दुसरे भाषांतर गळ्यात बांधून घेणे विसंगत ठरले असते.

शेवटी ड्युअल स्टॅक निवडला गेला, म्हणजे प्रत्येक राउटर इंटरफेसवर दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते एकाच वेळी ठेवणे. या मार्गाची किंमत अशी की प्रत्येक नियम, प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक नोंद दोनदा करावी लागते. ती किंमत पथकाला मान्य होती, मात्र तिचा पूर्ण अंदाज पुढे काम करतानाच आला.

पत्त्यांची आखणी

तक्त्यातील /१२० चा प्रश्न वादाने सुटला नाही, तो चाचणीने सुटला. एका रिकाम्या व्हीलॅनवर, म्हणजे स्विचवर वेगळ्या काढलेल्या जाळ्याच्या भागावर, /१२० चा प्रीफिक्स जाहीर करून तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे संगणक जोडले गेले. तिन्हींनी घोषणा ऐकली, गेटवे नोंदवला, परंतु एकानेही स्वतःसाठी जागतिक पत्ता तयार केला नाही. याचे कारण असे की स्वयंचलित पत्तारचनेत प्रीफिक्सची लांबी आणि इंटरफेस ओळखीची, म्हणजे पत्त्यातील उपकरणाच्या भागाची, लांबी यांची बेरीज नेमकी १२८ यावी लागते, आणि इथरनेटवर ती ओळख ६४ बिटांची असते. बेरीज जुळली नाही की उपकरण तो प्रीफिक्स पत्ता बनवण्यासाठी वापरत नाही, आणि त्याबद्दल पडद्यावर कसलीही सूचना देत नाही. त्यानंतर उपकरणे असलेल्या प्रत्येक व्हीलॅनला सरसकट /६४ देण्यावर एकमत झाले. एका खोलीसाठी १८ अब्ज अब्जांहून अधिक पत्ते ही उधळपट्टी वाटू शकते. पण /४८ मध्ये असे ६५,५३६ संच बसतात आणि संस्थेला त्यांतले शंभरही लागणार नव्हते.

या संचांना क्रमांक कसे द्यायचे, यावर बराच विचार झाला. व्हीलॅनचा दशमान क्रमांक जसाच्या तसा पत्त्यात लिहावा, म्हणजे व्हीलॅन १२० साठी २००१:डीबी८:४५:१२०::/६४, ही सूचना वाचायला सोपी होती. पण तिच्यात इमारत कोणती हे कळत नव्हते आणि एका इमारतीचे सर्व संच एका ओळीत मांडता येत नव्हते. म्हणून चार अंकांपैकी पहिला अंक इमारतीला आणि उरलेले तीन व्हीलॅनला दिले गेले. दुसऱ्या इमारतीतील व्हीलॅन १२० चा प्रीफिक्स २००१:डीबी८:४५:२१२०::/६४ असा झाला. आयपीव्ही६ पत्त्यातील प्रत्येक अंक चार बिटांचा असल्याने एका इमारतीचा सगळा पसारा आपोआप एका /५२ मध्ये सामावतो आणि फायरवॉलवर त्या इमारतीसाठी एकच ओळ पुरते. संस्थेचे सर्व व्हीलॅन क्रमांक हजाराच्या आत होते म्हणून हे जमले. जिथे क्रमांक ४०९४ पर्यंत वापरलेले असतील तिथे ही रचना बसणार नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

शून्य हा अंक कोणत्याही इमारतीला न देता राउटरांच्या आपसांतील जोडण्यांसाठी राखला गेला. या जोडण्यांवर /६४ ठेवायचे की /१२७, हा प्रश्न होता. दोनच टोके असलेल्या जोडणीवर /६४ ठेवले, तर बाहेरून कोणी त्यातील अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांकडे पॅकेटांचा मारा करू शकतो. राउटर प्रत्येक पत्त्याचा शेजारी शोधत बसतो आणि त्याचे शेजाऱ्यांचे कोष्टक, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे याची यादी, भरून जाते. हाच धोका ओळखून २०११ मधील आरएफसी ६१६४ ने राउटर-राउटर जोडणीवर /१२७ वापरण्याची मुभा दिली. पथकाने इंटरफेसवर /१२७ लिहिले, पण आराखड्यात प्रत्येक जोडणीसाठी अख्खा /६४ राखून ठेवला, जेणेकरून पुढे गरज पडली तर क्रमांकांची साखळी मोडणार नाही. मला हा निर्णय या आखणीतील सर्वांत समंजस वाटतो.

गेटवेचा पत्ता आणि घोषणा

आयपीव्ही६ मध्ये उपकरणाला मिळणारा गेटवे हा राउटरचा जागतिक पत्ता नसून त्याचा लिंक-लोकल पत्ता असतो, म्हणजे एफई८० ने सुरू होणारा आणि त्या एका जोडणीपुरताच अर्थ असलेला. काहीच न ठरवता सोडले तर अनेक राउटर हा पत्ता इंटरफेसच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे हार्डवेअरच्या क्रमांकावरून, स्वतः तयार करतात. मॅकच्या मधोमध एफएफएफई घातले जाते आणि पहिल्या बाइटमधील एक बिट उलटवला जातो. अशा गेटवेचा पत्ता लक्षात राहण्यासारखा नसतो, आणि राउटरचे कार्ड बदलले की तोही बदलतो. म्हणून तो हाताने ठरवण्याचा निर्णय झाला.

दोन्ही कोअर राउटर प्रत्येक व्हीलॅनवर हजर होते आणि एक बंद पडला तर दुसऱ्याने जबाबदारी घ्यावी यासाठी व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती चालू करायची होती. पथकाने एफई८०::१ हा सामायिक गेटवे ठरवला, तर दोन राउटरांचे स्वतःचे पत्ते एफई८०::२ आणि एफई८०::३ असे ठेवले. सगळ्या व्हीलॅनवर एकच एफई८०::१ कसा चालेल, ही शंका आयपीव्ही४ वर वाढलेल्या मनाला साहजिकच येते. लिंक-लोकल पत्ता राउटर ओलांडून पलीकडे जातच नाही, त्यामुळे वेगवेगळ्या व्हीलॅनवर तो पुन्हा वापरण्यास काहीच हरकत नसते. एकाच व्हीलॅनवर मात्र तो दोनदा आला तर चालत नाही. पहिल्या राउटरचे कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर उतरवताना एका व्हीलॅनवर एफई८०::२ तसाच राहिला होता. दुसऱ्या राउटरने दुबार पत्त्याची तपासणी करून तो पत्ता वापरायला नकार दिला आणि लॉगमध्ये तशी नोंद केली. नोंद वाचली गेली म्हणून पाच मिनिटांत दुरुस्ती झाली.

उपकरणांना पत्ते डीएचसीपीव्ही६ ने द्यावेत, अशी लेखापरीक्षण विभागाची अपेक्षा होती, कारण कोणता पत्ता कोणाकडे होता याची नोंद त्यांना हवी होती. यात दोन अडथळे होते. डीएचसीपीव्ही६ गेटवे सांगत नाही, त्यामुळे राउटरची घोषणा कशीही लागतेच. आणि अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ वरून असा सुटा पत्ता घेत नाहीत. म्हणून पत्ते स्वयंचलित रचनेनेच घ्यायचे, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ताही घोषणेतूनच द्यायचा आणि नोंदीसाठी कोअर राउटरांचे शेजाऱ्यांचे कोष्टक दर काही मिनिटांनी वाचून साठवायचे, असे ठरले. गोपनीयतेसाठी संगणक आपला पत्ता वेळोवेळी बदलतात, तरी मॅक पत्त्याशी त्यांची सांगड या कोष्टकातून घालता येते.

मार्गनिश्चितीसाठी ओएसपीएफची तिसरी आवृत्ती घेतली गेली. तिचा राउटर क्रमांक आयपीव्ही६ मध्येही ३२ बिटांचाच असतो आणि तो न दिल्यास राउटर एखाद्या आयपीव्ही४ पत्त्यावरून उचलतो. उद्या आयपीव्ही४ काढले तर तो आधारच नाहीसा होईल, हे ओळखून तो प्रत्येक राउटरवर हाताने लिहिला गेला.

पहिला प्रसंग : अपलोड अडकणे

पहिली इमारत सुरू झाली आणि सर्व काही सुरळीत दिसले. पाने उघडत होती, व्हिडिओ चालत होते. दोन दिवसांनी एक विशिष्ट तक्रार येऊ लागली : ईमेलला मोठी फाइल जोडली की ती अर्ध्यावर थांबते आणि पुढे सरकत नाही. लहान फॉर्म भरले जात, मोठी फाइल जात नसे. दुसऱ्या इमारतीत, जिथे अजून केवळ आयपीव्ही४ होते, तिथून तीच फाइल विनासायास जात होती.

तपासाची दिशा ठरली ती पिंगच्या, म्हणजे उत्तर येते का हे पाहणाऱ्या चाचणीच्या पॅकेटच्या, आकारावरून. बाहेरच्या सर्व्हरला आयपीव्ही६ पिंग करताना १४४४ बाइटचा मजकूर जाऊन परत येत होता. १४४५ बाइटला उत्तरही येत नव्हते आणि त्रुटीचा संदेशही येत नव्हता. मजकुराच्या १४४४ बाइटमध्ये आयपीव्ही६ च्या शीर्षाचे ४० आणि आयसीएमपीव्ही६ चे, म्हणजे त्रुटी व चाचणीचे संदेश वाहणाऱ्या नियमसंचाचे, ८ मिळवले की १४९२ होतात, आणि एज राउटर ते पुरवठादार ही जोडणी पीपीपीओई या जोडणीपद्धतीवर असल्याने तिची मर्यादा नेमकी तेवढीच होती.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. पॅकेट मोठे असेल तर तो ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपीव्ही६ संदेश धाडतो, ज्यात पुढच्या जोडणीची मर्यादा लिहिलेली असते. एज राउटर तो संदेश इमानाने पाठवत होता. परंतु त्याच्या आणि संगणकांच्या मध्ये फायरवॉल होती, आणि तिच्यावर आयपीव्ही४ च्या नियमांची नक्कल करताना ‘बाहेरून येणारे आयसीएमपी बंद’ ही ओळही नकललेली होती. आयपीव्ही४ मध्ये ही ओळ इतकी वर्षे खपून गेली, कारण एज राउटरवर टीसीपीच्या, म्हणजे फायली व ईमेल वाहणाऱ्या पद्धतीच्या, तुकड्यांचा कमाल आकार १४५२ वर आणणारी एक सेटिंग होती. ती सेटिंग केवळ आयपीव्ही४ ला लागू होती.

इथे निर्णयाचा एक क्षण आला. आयपीव्ही६ साठीही तशीच सेटिंग १४३२ या आकड्याने लावली असती, तर तक्रार तासाभरात मिटली असती. दुसरा झटपट उपाय कोअर राउटरच्या घोषणेतूनच १४९२ ही मर्यादा जाहीर करण्याचा होता. पथकाने दोन्ही मागे ठेवले आणि आधी फायरवॉलचे नियम दुरुस्त केले. ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा संदेश, वेळ संपल्याचा संदेश, चुकीच्या शीर्षाचा संदेश आणि पोहोचता न आल्याचा संदेश आत येऊ दिले गेले. नियम दुरुस्त झाल्यावर १४४५ बाइटचा पिंग पहिल्या खेपेला अडकून दुसऱ्या खेपेपासून जाऊ लागला, म्हणजे संगणकाने मर्यादा शिकून घेतली हे डोळ्यांसमोर दिसले. आकाराची सेटिंग त्यानंतर, जादा खबरदारी म्हणून, लावण्यात आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सेटिंग आधी लावली असती तर टीसीपीची तक्रार मिटली असती, पण यूडीपी या दुसऱ्या वाहतूकपद्धतीवर चालणारे सारे काही त्याच भिंतीवर आपटत राहिले असते आणि मूळ दोष झाकला गेला असता.

याच टप्प्यात एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप इंटरनेट वाटून देण्याच्या सोयीमुळे स्वतःच गेटवे असल्याची घोषणा करत असल्याचेही आढळले. स्विचच्या पोर्टांवर आरए गार्ड, म्हणजे खोट्या घोषणा अडवणारी सोय, लावून ते थांबवले गेले. तिसऱ्या इमारतीतील जुन्या स्विचवर ही सोय नव्हती, म्हणून तिथे कोअर राउटरच्या घोषणेला उच्च प्राधान्य देऊन तात्पुरती बाजू सावरली गेली.

दुसरा प्रसंग : प्रीफिक्स बदलणे

तिन्ही इमारती सुरू झाल्यावर पुरवठादाराने कायमचा /४८ दिला आणि तात्पुरता परत घेण्याची तारीख कळवली. आखणी अंकांच्या शिस्तीने झालेली असल्याने राउटरवरचे काम सोपे दिसत होते : पहिले तीन गट बदलायचे, चौथा गट तसाच. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक इंटरफेसवरून जुना प्रीफिक्स काढला गेला, नवा लिहिला गेला, पिंग तपासले गेले आणि काम संपल्याची नोंद झाली.

पुढच्या कामाच्या दिवशी एकही तक्रार आली नाही. मात्र सहयोगी संस्थेच्या फाइल सर्व्हरशी काही मोजक्या संगणकांचे बोलणे बंद पडले होते, तर शेजारच्या टेबलावरच्या संगणकांचे चालू होते. बंद पडलेल्या एका संगणकावर पत्त्यांची यादी काढली, तेव्हा त्याच्याकडे दोन्ही प्रीफिक्सचे पत्ते आढळले, आणि दोन्ही ताज्या पत्त्यांसारखेच वापरात होते.

जुना प्रीफिक्स राउटरवरून काढला म्हणजे राउटरने त्याची घोषणा थांबवली, एवढेच झाले होते. उपकरणांना आधी दिलेला शब्द मात्र तसाच उभा होता. आयपीव्ही६ च्या प्रमाणकातील मूळ मूल्यांनुसार प्रीफिक्सचा प्राधान्यकाळ ७ दिवसांचा आणि ग्राह्यकाळ ३० दिवसांचा असतो, आणि पथकाने ही मूल्ये कधी बदललेली नव्हती. ज्या संगणकाने बाहेर जाण्यासाठी जुना पत्ता निवडला, त्याची पॅकेटे नव्या वाटेने जात होती, पण पुरवठादार तो संच परत घेऊन बसला असल्याने त्यांना उत्तर येऊ शकत नव्हते.

मग दिवसभर कोणाला काहीच का जाणवले नाही? आजचे ब्राउझर दोन्ही आवृत्त्यांवर थोड्या अंतराने जोडणीचा प्रयत्न करतात आणि जी आधी जुळते ती वापरतात; आरएफसी ८३०५ मध्ये हे अंतर २५० मिलिसेकंद सुचवले आहे. आयपीव्ही६ जुळले नाही की ते गुपचूप आयपीव्ही४ वर जातात. पहिल्या प्रसंगात ही सोय उपयोगी पडली नव्हती, कारण तिथे जोडणी आयपीव्ही६ वर व्यवस्थित जुळत होती आणि नंतर अडकत होती. दुसऱ्या प्रसंगात जोडणीच जुळत नव्हती, म्हणून दोष झाकला गेला. केवळ आयपीव्ही६ वर असलेला सहयोगी संस्थेचा सर्व्हर नसता, तर ही स्थिती आठवडाभर कोणाच्या लक्षात आली नसती.

दुरुस्तीसाठी जुना प्रीफिक्स पुन्हा घोषणेत घालावा लागला, पण प्राधान्यकाळ शून्य ठेवून. उपकरणे घोषणा ऐकताच त्या पत्त्याला मागे टाकतात आणि नव्या जोडण्यांसाठी तो वापरत नाहीत. ग्राह्यकाळही शून्य लिहिला तरी तो लगेच संपत नाही. खोट्या घोषणेने कोणाचे पत्ते तडकाफडकी काढून टाकता येऊ नयेत म्हणून उपकरणे तो फार तर दोन तासांपर्यंत खाली आणतात. अर्ध्या तासात सगळे संगणक सर्व्हरशी बोलू लागले.

ही घोषणा किती दिवस चालू ठेवायची, हा पुढचा निर्णय होता. दुसऱ्याच दिवशी ती काढावी असे एक मत होते. पण झाकण मिटून घरी नेलेला लॅपटॉप तीन आठवड्यांनी परत आला, तर त्याच्याकडे जुना पत्ता अजून ग्राह्य असू शकतो. म्हणून मूळ घोषणेचा ग्राह्यकाळ संपेपर्यंत, म्हणजे पूर्ण ३० दिवस, शून्य प्राधान्याची घोषणा ठेवली गेली. दरम्यान जुना प्रीफिक्स आणखी कुठे उरला आहे याचा शोध घेतला, तेव्हा तो डीएनएसच्या नोंदींत, फायरवॉलवरील दोन गटांत आणि राउटरांवर कोणी लॉगिन करू शकते हे ठरवणाऱ्या यादीत सापडला. या शेवटच्या यादीमुळे व्यवस्थापनाचे संगणक राउटरवर आयपीव्ही४ वरूनच पोहोचत होते, आणि तेही कोणाला जाणवलेले नव्हते.

परिणाम

तिन्ही इमारतींत ड्युअल स्टॅक स्थिर झाला आणि सहयोगी संस्थेशी फायलींची देवाणघेवाण नॅटशिवाय होऊ लागली. एका फाइलची तक्रार आली की दोन्ही टोकांच्या लॉगमध्ये आता तोच पत्ता सापडतो. घोषणेचा प्राधान्यकाळ ४ तास आणि ग्राह्यकाळ १ दिवस करण्यात आला. यापेक्षा कमी काळ ठेवण्याचा विचार झाला होता, पण दोन्ही कोअर राउटर एखादी रात्र बंद राहिले, तरी इमारतीतील संगणकांचे आपसांतले बोलणे चालू राहावे यासाठी एक दिवसाची मुदत योग्य वाटली. देखरेखीची यंत्रणा आता प्रत्येक सेवा दोन्ही आवृत्त्यांवर वेगवेगळी तपासते आणि एज राउटरवरील आयपीव्ही६ वाहतुकीचा वाटा अचानक घसरला तर सूचना देते.

वेगळे काय करता आले असते

देखरेखीचा हा भाग पहिल्या इमारतीच्या आधी यायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्युअल स्टॅकमध्ये वापरकर्त्यांची तक्रार हा बिघाडाचा विश्वासार्ह निदर्शक राहत नाही, आणि तपासणी दोन्ही आवृत्त्यांवर वेगळी नसेल तर आयपीव्ही६ पूर्ण बंद असूनही सगळे हिरवे दिसू शकते.

संच तात्पुरता आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या काळात प्राधान्यकाळ आणि ग्राह्यकाळ आखूड ठेवले असते आणि बदलाच्या वेळी जुना व नवा प्रीफिक्स काही दिवस शेजारी चालवून, जुन्याचे प्राधान्य आधी शून्यावर आणून मग तो काढला असता, तर दुसरा प्रसंग उद्भवलाच नसता. पुरवठादाराकडे दोन्ही संच आठवडाभर एकत्र चालू ठेवण्याची विनंती करता आली असती. ती केली गेली नाही, कारण राउटरवरचे काम काही तासांचे आहे एवढेच पाहिले गेले. उपकरणांच्या स्मृतीचा काळ कामाच्या वेळापत्रकात धरला गेला नव्हता.

फायरवॉलच्या बाबतीत जुने नियम भाषांतरित करण्याऐवजी आयपीव्ही६ साठी कोऱ्या यादीपासून सुरुवात करणे अधिक सुरक्षित ठरले असते. आयसीएमपीव्ही६ चे कोणते संदेश आत येऊ द्यावेत याचे तपशीलवार मार्गदर्शन आरएफसी ४८९० मध्ये २००७ पासून उपलब्ध आहे, आणि ते फायरवॉल सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हातात सुरुवातीलाच द्यायला हवे होते.

एक प्रश्न अजून खुला आहे. तिसऱ्या इमारतीतील जुन्या स्विचवर खोटी घोषणा रोखण्याची सोय नाही, आणि उच्च प्राधान्याची घोषणा हा उपाय जाणीवपूर्वक केलेल्या खोडसाळपणापुढे टिकणारा नाही, कारण तेच प्राधान्य दुसरा कोणीही लिहू शकतो. स्विच बदलण्याचा प्रस्ताव मंजूर झाला असून तोपर्यंत त्या इमारतीतील कोअर राउटरचा इंटरफेस आपल्या व्यतिरिक्त ऐकू येणाऱ्या प्रत्येक घोषणेची लॉगमध्ये नोंद करतो, आणि ती नोंद रोज सकाळी वाचली जाते.